चुकांचा कोपरा

मी एक जुना फळा आहे, आणि माझ्या उजव्या अंगावर तेलाचा मोठा डाग आहे. तो डाग घेऊनच मी तुमच्यासमोर उभा आहे. कोणी आले की फाटकी बाजू भिंतीकडे करून बसणाऱ्यांतला मी नाही. मित्रांनो, ज्यांना बोट लावताच चित्रे बदलणारे चकचकीत फळे आवडतात त्यांनी खुशाल तिकडे जावे. ज्यांना माझी हकीकत ऐकायची आहे त्यांनी जरा पुढे सरकावे.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. चार फळ्या एकमेकींना चिकटवून, मागून तीन आडव्या पट्ट्या ठोकून त्याने मला उभे केले. मग रंगाऱ्याने मला काळा रंग दिला, घासले, परत रंग दिला, परत घासले. असे पाच वेळा झाले. सुतार म्हणाला, "अरे, आता गुळगुळीत कर की." रंगारी म्हणाला, "गुळगुळीत केला तर खडू धरणार नाही. थोडा खरखरीतच बरा." ते वाक्य मी आजतागायत विसरलो नाही. मी खरखरीत आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पुढची बावीस वर्षे मी एका शाळेत नववीच्या वर्गात काढली. भूमितीचे मास्तर माझ्यावर नुसत्या हाताने असे वर्तुळ काढत की मुले कंपास लावून ते तपासत आणि गप्प बसत. मास्तरांचा हात मला फार आवडे. त्यांची एकच सवय मला कधी पटली नाही. एखाद्या मुलाचे उत्तर चुकले की ते कडाडत, "पूस ते आधी!" मुलगा घाईघाईने बाहीने पुसून टाकी आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसे. पुसल्यावर नेमके काय चुकले होते ते कोणालाच दिसत नसे. मग दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा तीच चूक करी.

मग शाळेत पांढरे फळे आले. मला जिन्याखाली मोडक्या बाकांच्या मागे उभे केले गेले. दोन वर्षे मी तिथे कोळ्यांना पाठ देऊन उभा होतो. मास्तरही त्याच सुमारास निवृत्त झाले. जाताना ते एकदा जिन्यापाशी थांबले आणि तसेच निघून गेले. मला राग आला होता, हे मी लपवणार नाही.

एके दिवशी शाळेचे धुतलेले पडदे परत द्यायला लाँड्रीवाल्या काकू आल्या. ठेंगणा बांधा, कमरेला खोचलेला टॉवेल, आणि वर्षानुवर्षे पाण्यात राहून सुरकुतलेली बोटे. त्यांनी वाकून जिन्याखाली पाहिले. "हा फळा कोणाला नकोय का?" त्यांनी शिपायाला विचारले. "न्या हो काकू, अडगळच आहे," तो म्हणाला. अडगळ! तो शब्द अजून माझ्या लाकडात रुतलेला आहे. पण काकूंनी मला दोन्ही हातांनी उचलले, तिथेच ओल्या फडक्याने पुसले, आणि हातगाडीवर पडद्यांच्या रिकाम्या जागी आडवे घातले.

काकूंची लाँड्री उताराच्या गल्लीत, तळाशी होती. पुढे इस्त्रीचे लांब टेबल, मागे मोठे टब, वर गच्चीवर दोऱ्या. कपडे न्यायला आलेली माणसे टेबलाशी थांबत आणि काकूंकडे येणाऱ्या एकुलत्या एका वर्तमानपत्रावर तुटून पडत. कोणाला राजकारणाचे पान हवे, कोणाला खेळाचे. एकदा त्या ओढाताणीत पान टराटरा फाटले, गरम इस्त्री खाली आली आणि एका नवऱ्या मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर छपाईची शाई उमटली. त्या दिवशी काकूंनी ठरवले की भांडण टेबलाशी नको, दारात होऊ दे. म्हणून त्यांनी मला दाराशेजारी टांगले.

रोज सकाळी त्या माझ्यावर तीन बातम्या लिहीत. वर राजकारण, मध्ये खेळ, खाली आरोग्य. "या तीन विषयांतलं कळत नाही असा माणूस मी अजून बघितला नाही," त्या म्हणत. प्रत्येक बातमीखाली त्या चार बोटे जागा मोकळी सोडत आणि खालच्या पट्टीवर खडू ठेवत. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावे. अट एवढीच की खाली आपली ओळख टाकायची आणि दुसऱ्याचे लिहिलेले पुसायचे नाही. रात्री दुकान बंद करताना पुसायचे ते फक्त काकूंनी.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! राजकारण: 'नवे मंत्री आज शपथ घेणार.' त्याखाली: 'घेऊ देत. मीही दर सोमवारी व्यायामाची शपथ घेतो. — शिंपी.' खेळ: 'पंचांच्या निर्णयामुळे आपला संघ हरला.' त्याखाली काकूंच्या सुनेचे अक्षर: 'पंच माझ्या सासरचे दिसतात. — सून.' ते वाचून काकू हसल्या, पण सुनेला त्या दिवशी सगळ्या चादरी पिळायला लागल्या. आरोग्य: 'रोज आठ तास झोपा, डॉक्टरांचा सल्ला.' त्याखाली: 'डॉक्टरांच्या घरी तान्हं बाळ नसणार. — टपालवाला.' आमचे मास्तरही आता रोज येत. त्यांचे घर त्याच गल्लीत, चढाच्या बाजूला होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओळखले, माझ्या चौकटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, तू इथं होय?" मी त्यांना लगेच माफ केले नाही. दोन-तीन दिवस घेतले.

चुकांचा कोपरा सुरू झाला तो काकूंच्या फजितीतून. त्यांच्या फोनवर कुठून तरी एक निरोप आला आणि त्यांनी तो आरोग्याच्या जागी लिहून टाकला: 'डोळ्यांत मधाचे दोन थेंब घाला, चष्मा सुटेल.' आणि तो प्रयोग केला कोणी? आयुष्यभर मुलांना 'सिद्ध करून दाखव' म्हणणाऱ्या मास्तरांनी! त्यांचे डोळे बोरांएवढे सुजले. गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. काकूंनी माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोन आखला. त्यात ते वाक्य पुन्हा लिहिले, त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले: 'हे खोटं आहे. खात्री न करता लिहिलं ही माझी चूक. — लाँड्री.' ते त्यांनी आठ दिवस तसेच ठेवले. येणारा जाणारा हसे. काकू मान वर करून इस्त्री फिरवत राहत. तिसऱ्या दिवशी मास्तर काळा चष्मा लावून आले आणि त्याखाली लिहून गेले: 'मी ते करून पाहिलं, ही त्याहून मोठी चूक. — मास्तर.'

तेव्हापासून नियमच झाला. चूक निघाली तर पुसायची नाही. ज्याची त्याने स्वतःच्या हाताने कोपऱ्यात लिहायची, तिच्यावर रेघ मारायची, शेजारी खरे काय ते लिहायचे, आणि ते आठ दिवस सगळ्यांना दिसू द्यायचे. दुसऱ्याची चूक तिथे नेऊन लिहिली तर ती चहाडी, असे काकूंचे म्हणणे होते.

आता ज्यासाठी मी तोंड उघडले आहे त्या गोष्टीकडे येतो.

आमच्या गल्लीत एक मुलगा होता. त्याला सगळे लांबू म्हणत. तो शहराच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. त्याची आई बस स्थानकात तिकीट खिडकीवर बसे. मोठ्या स्पर्धेचा सामना झाला आणि आमचा संघ तीन-शून्यने हरला. तीनही गोल असे की लांबूने नुसता हात लांब केला असता तरी अडले असते. त्या सकाळी माझ्यावर जागा पुरली नाही. 'लांबू उभ्या उभ्या झोपला होता. — मास्तर.' 'तीन गोल कोणी फुकट देत नाही. त्याला काय मिळालं ते विचारा. — शिंपी.' आणि काकू? त्यांनीही खडू उचलला: 'माझा कपड्याचा चिमटा याच्यापेक्षा घट्ट धरतो. — लाँड्री.'

संध्याकाळी लांबूची आई चादरींचे गाठोडे घेऊन आली. ती दारात थांबली आणि तिने सगळे वाचले, अगदी खालच्या ओळीपर्यंत. मग आत जाऊन गाठोडे टेबलावर न ठेवता जमिनीवर ठेवले.

"काकू, या चादरी वेगळ्या धुवा. लांबूला कावीळ झालीय."

काकूंच्या हातातली इस्त्री थांबली. "कधी गं?"

"डॉक्टरांनी आज सांगितलं. सामन्याआधी दोनदा उलटी झाली होती त्याला. दुसऱ्या गोलकीपरचा हात मोडलेला, म्हणून तसाच उतरला." ती दाराकडे वळली. "तुमचा चिमटा घट्ट धरतो ते बरंय. त्याला ताप नव्हता ना."

त्या रात्री माझ्या कोपऱ्यात तीन रेघा पडल्या. काकूंची आधी, मग मास्तरांची. शिंपीमामा सगळ्यांत शेवटी आले, इकडेतिकडे बघत, आणि अगदी बारीक अक्षरात लिहून गेले.

पुढच्या सकाळी काकूंनी आरोग्याच्या जागी लिहिले: 'आपल्या गल्लीत कावीळ: एक.' चार दिवसांनी तो आकडा चार झाला, आठवड्यात सात. टपालवाल्याचे पोरगे आजारी पडले. मग टपालवालाही.

काकूंच्या डोक्यात काहीतरी घोळत होते. गेला महिनाभर पांढरे कपडे मळकट निघत होते. त्यांनी साबणाला दोष दिला होता. दोनदा साबण बदलला होता आणि साबण विकणाऱ्याला दुकानात उभे करून असे फैलावर घेतले होते की तो बिचारा पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नव्हता. आता त्यांनी पहाटे नळाचे पहिले पाणी काचेच्या बरणीत धरले आणि तासभर खिडकीत ठेवले. तळाला बोटभर गाळ बसला. त्यांनी बरणीला नाक लावले आणि झटकन मागे घेतले.

नेमके त्याच दिवशी वर्तमानपत्रात आले होते: 'शहराचे पाणी शंभर टक्के शुद्ध — नगरसेवक.' निवडणूक तोंडावर होती. काकूंनी ती बातमी माझ्या वरच्या भागात लिहिली.

मास्तर म्हणाले, "काकू, पाण्याची बातमी म्हणजे आरोग्याची ना? तुम्ही राजकारणात का घातली?"

"बोलतंय कोण ते बघा की मास्तर," काकू म्हणाल्या, आणि त्याखाली ठसठशीत लिहिले: 'महिनाभर माझ्याकडचे पांढरे कपडे मळकट निघतात. मी साबणाला दोष दिला ती माझी चूक. दोष पाण्यात आहे. उकळल्याशिवाय पिऊ नका. — लाँड्री.' त्या रात्री त्यांनी मला पुसले नाही. "याचं उत्तर येईपर्यंत हे असंच राहील," त्या म्हणाल्या.

सून डोक्याला हात लावून बसली. "आई, कोण स्वतःच्या दुकानाच्या दारात लिहितं की आमचं पाणी घाण आहे? उद्यापासून कपडे कोण टाकेल आपल्याकडे?"

"कोणी नाही टाकणार," काकू म्हणाल्या. "पण वाचतील तर खरं."

आणि तसेच झाले. तिसऱ्या दिवसापासून टेबल रिकामे पडू लागले. जिथे रोज पन्नास सदरे येत तिथे आठवडाभर पाचच येत होते. इस्त्री गार पडून राही. सून धुसफुसत होती. पण गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक चुलीवर पाण्याचे भांडे चढले होते, हेही मी दारातून पाहत होतो. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले वाक्य होते. बावीस वर्षे वर्तुळे आणि त्रिकोण अंगावर बाळगले, पण असे वाक्य माझ्या वाट्याला आले नव्हते.

मग नगरसेवक स्वतः आले. त्यांचे पांढरे सदरे काकूंकडेच धुतले जात. ते हसत हसत म्हणाले, "काकू, तुम्ही तर घरच्या. पुसून टाका ना एवढं. निवडणूक होऊ दे, मग हवं ते लिहा."

"साहेब, खडू तिथंच आहे," काकू म्हणाल्या. "तुमचं म्हणणं शेजारी लिहा, खाली नाव टाका. मी चुकले असेन तर कोपऱ्यात रेघ मारीन, आठ दिवस नाही, महिनाभर ठेवीन. पण पुसणार नाही."

नगरसेवकांनी खडूकडे पाहिले, आपल्या कडक सदऱ्याकडे पाहिले आणि हात मागे बांधून निघून गेले. त्यांच्यामागून चालणारा माणूस मात्र समोर शिंपीमामांच्या दुकानात शिरला आणि बराच वेळ आत होता. मामांना निवडणुकीचे झेंडे शिवायचे काम मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू गच्चीवर होत्या आणि सून कपडे पोचवायला गेली होती. गल्ली सामसूम होती. शिंपीमामा आले. त्यांच्या एका हातात चिंधी आणि दुसऱ्या हातात शिवणयंत्राला तेल द्यायची लांब चोचीची तेलदाणी. त्यांनी काकूंचे वाक्य घाईघाईने पुसले. मग माझ्या उजव्या अंगावर तेल ओतून ते चिंधीने पसरवले, सगळीकडे, चुकांच्या कोपऱ्यापर्यंत. हा तोच हात, जो व्यायामाच्या शपथा लिहून लोकांना हसवत असे.

मित्रांनो, मारापेक्षा ते वाईट होते. फळ्याला फोडा, तो दोन तुकड्यांवरही लिहून घेईल. पण तेल लागले की खडू घसरतो आणि अक्षर उमटत नाही. मला गुळगुळीत केले गेले होते. ओरडावे म्हटले तर मला आवाज कुठला? कोणीतरी लिहिल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

काकू खाली आल्या. त्यांनी माझ्यावर बोट फिरवले, ते अंगठ्यावर चोळले आणि नाकाशी नेले. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटले त्या रडणार. त्यांनी समोर शिंपीमामांच्या दुकानाकडे पाहिले. मामा मान खाली घालून मशीन चालवत होते. "बरं," एवढेच काकू म्हणाल्या आणि धुण्याचा सोडा आणायला आत गेल्या.

त्यांनी मला गरम पाण्याने तीनदा घासले. डाग फिका झाला, पण गेला नाही. खडू निसटतच राहिला. सून म्हणाली, "झालं, संपलं. आता कसं लिहिणार?"

काकू चिमट्यांची टोपली घेऊन आल्या. "लिहिता येत नाही ना? मग दाखवू."

त्यांनी माझ्या चौकटीत खिळे ठोकून माझ्या अंगावरून दोन दोऱ्या ताणल्या आणि घरोघरी जाऊन सांगितले, "एक पांढरा रुमाल घ्या. सकाळी नळाच्या तोंडाला बांधा, दोन बादल्या पाणी भरा, रुमाल उन्हात वाळवा आणि माझ्या फळ्याला आणून लावा." माझ्या कोरड्या डाव्या अंगावर मास्तरांनी घरांची क्रमवार यादी लिहिली, चढावरच्या टाकीपासून थेट लाँड्रीपर्यंत. रुमाल त्याच क्रमाने लागायचे होते. मास्तरांनी प्रत्येक घरासाठी सारखे अंतर मोजून खुणा केल्या. भूमिती त्यांच्या हातातून जायची नव्हती.

पहिल्या दिवशी अकरा रुमाल लागले. चढावरचे पाच शुभ्र होते. पाचवा मास्तरांचा. खालचे सहा तपकिरी होते. मध्ये एक चिमटा नुसताच लटकत होता.

मास्तर त्या रिकाम्या जागेशी थांबले. "माझ्या घरापर्यंत पाणी चांगलं आहे. शिंप्याच्या घरापलीकडे खराब. शिंप्याच्या घरचा रुमाल आला की कळेल, घाण त्याच्या अलीकडे शिरते की पलीकडे."

ते मामांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले. मामांचे मशीन थांबले नाही.

दुसऱ्या दिवशीही ती जागा रिकामीच होती. लाँड्रीचे टेबलही. काविळीचा आकडा तेरावर गेला होता. तिसऱ्या सकाळी शिंपीमामा रस्ता ओलांडून आले. त्यांच्या हातात एक लहानसा रुमाल होता, कडेला लाल दोऱ्याचे फूल काढलेला. त्यांच्या नातीचा होता तो. रुमालाच्या मधोमध वाटीएवढा तपकिरी गोल उमटला होता.

"माझी नात हेच पाणी पिते," मामा म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांनाही ठाऊक नसावे. "परवापर्यंत उकळत नव्हतो मी. म्हटलं, शंभर टक्के शुद्ध आहे."

काकूंनी त्यांच्या हातात दुसरा चिमटा दिला. "दोन लावा. वारा आहे."

त्याच दिवशी पाणीखात्यातला पाइपवाला आपला इस्त्रीचा गणवेश न्यायला आला. खाकी कपडे, मोठे बूट, अबोल माणूस. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि डावीकडून उजवीकडे एकेक रुमाल बघत गेला. पाचव्या आणि सहाव्या रुमालाच्या मध्ये त्याने बोट ठेवले.

"काकू, इथं गटार आडवं जातं."

"मग?"

"साहेबांना विचारलं तर निवडणूक झाल्यावर खण म्हणतील." त्याने गणवेश काखेत मारला. "आधी खणतो, मग विचारतो."

दुसऱ्या सकाळी त्याने खणले. सगळी गल्ली भोवती उभी होती. गंजलेला पाइप गटारातूनच जात होता आणि त्याला दोन बोटे जातील एवढे भोक पडले होते. पाणी बंद असले की गटार आत शिरत होते, नळ आला की तेच घरोघरी जात होते. पाइपवाल्याने ते बोट घालून दाखवले. मग लांबूची आई म्हणाली, "मी बघू?" आणि ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

पाइप बदलला. आकडा एकोणीसवर थांबला. सगळे बरे झाले, मामांच्या नातीला काही झाले नाही. लांबू मात्र तीन महिने अंथरुणात होता. तो उठला तोवर संघात त्याच्या जागी दुसरा उभा होता. पुढच्या वर्षी त्याला राखीव म्हणून घेतले. या गोष्टीला कोणतीही रेघ पुरी पडत नाही, आणि ती पडते असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

दोरीवरचे रुमाल काढले त्या संध्याकाळी लाँड्रीत गर्दी होती. सगळ्यांचे साठलेले कपडे एकदम आले होते. शिंपीमामा आत न येता माझ्यापाशी थांबले. त्यांनी खडू उचलला आणि चुकांच्या कोपऱ्यात लिहायला गेले, पण तिथे त्यांचेच तेल होते. खडू घसरला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. शेवटी डागाच्या कडेकडेने, जिथे माझा खरखरीतपणा शिल्लक होता तिथे, वेडेवाकडे लिहिले: 'फळ्यावर तेल मी टाकलं. — शिंपी.' त्यांनी स्वतःच त्यावर रेघ मारली. मग शेजारी लिहिले: 'पाणी खराब होतं. लाँड्री खरं सांगत होती.'

काकू टेबलामागून बाहेर आल्या, कमरेच्या टॉवेलला हात पुसत. त्यांनी वाचले.

"काकू," मामा म्हणाले, "तुम्हाला धक्का बसला असेल."

"कसला धक्का? शिवणयंत्राच्या तेलाचे डाग मी तीस वर्षं तुमच्याच कपड्यांवरून काढतेय. बोट लावलं तेव्हाच कळलं."

मामांच्या हातातला खडू खाली पडला. "मग बोलला का नाही? एवढे दिवस?"

"तुमची चूक मी कशी लिहिणार?" काकू म्हणाल्या. त्यांनी खडू उचलून पट्टीवर ठेवला. "आठ दिवस राहील हं ते. आणि जाताना सुनेच्या झग्याची शिवण उसवलीय, तो घेऊन जा."

मामा झगा घेऊन गेले. माझ्या अंगावर मात्र त्यांचे तेल अजून आहे. मास्तर म्हणाले होते, घासून नवा रंग देऊ. काकू नको म्हणाल्या, आणि मीही नकोच म्हटले असते.

आता नगरसेवकांचे सांगतो. ते निवडून आले. हो, आले. मी फळा आहे, जादूगार नाही. त्यांचे सदरे अजून काकूंकडेच येतात आणि पाणी स्वच्छ असल्यामुळे शुभ्र निघतात. गेल्या महिन्यात नगरपालिकेची नोटीस आली की हा फळा पदपथावर हातभर पुढे येतो, तो काढावा. काकूंनी मोजून बरोबर हातभर आत घेतले मला. आता मी दारातून आत आल्यावर समोर दिसतो. लोकांना वाचायला आत यावे लागते, आणि आत आल्यावर बसून भांडता येते.

माझ्या वरच्या भागातली 'शहराचे पाणी शंभर टक्के शुद्ध — नगरसेवक' ही ओळ घासताना गेली होती, ती काकूंनी डाव्या अंगावर पुन्हा लिहिली, आणि ती अजून आहे. ज्याची चूक त्यानेच खाली कोपऱ्यात उतरवून रेघ मारायची असल्यामुळे काकूंनी ती पुसली नाही आणि तिच्यावर रेघही मारली नाही. अक्षर पुसट झाले की त्या सकाळी पुन्हा गडद करतात, आणि मग रोजच्या तीन बातम्या लिहायला घेतात.

मित्रांनो, मला रंग नका देऊ, हार नका घालू. एवढेच करा. बातमी वाचली की जे वाटेल ते बिनधास्त लिहा, पण खाली आपली ओळख टाका. चुकलात तर बाहीने पुसून पळू नका. रेघ मारा, शेजारी खरे लिहा आणि आठ दिवस मान वर करून उभे राहा. आणि कोणी तुम्हाला तेल लावून गुळगुळीत करायला आले, तर कडेला थोडा खरखरीत भाग शिल्लक ठेवा.

नगरसेवक साहेब सदरे न्यायला दर शनिवारी येतात. खडू पट्टीवरच ठेवलेला असतो.